स्विंडनला निघालेल्या दोघांना

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशाचं एक मराठी ख्रिस्ती जोडपं. ती नर्स, इंग्लंडमधल्या स्विंडनच्या इस्पितळात ऑक्टोबरात रुजू होणार. तो तिच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून जाणार, बरोबर पाच वर्षांची मुलगी. तिथल्या एका मंडळीने, म्हणजे चर्चने, आधीच कळवलंय की आमच्याकडे भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत, तुम्ही आलात की त्यांच्यात सेवाकार्य सुरू करा. त्याने तीन गोष्टी विचारल्यात: सुरुवात कशी करायची, येशूविषयी कधी बोलायचं, आणि हिंदू घरांनी आम्हाला 'धर्मांतरवाले' समजून दार लावून घेतलं तर काय करायचं.

मी मूळची संगमनेरची, लग्न होऊन वास्कोत आले आणि २००० ते २०२३ ही तेवीस वर्षं लेस्टरला काढली. नवरा पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर. मी एका शाळेच्या जेवणघरात वाढपी होते. मंडळीत मला 'पाळकीणबाई' म्हणायचे, पण या कामातलं जे काही मला येतं ते वाढपीण म्हणून आलं. त्यामुळे पुढचं सगळं एका वाढपिणीच्या नजरेतून आहे असं धरून चाल.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते, कारण ती आम्ही ठरवली तशी अजिबात झाली नाही. आम्ही जाताना बॅगेत काय नेलं होतं? येशूविषयीच्या मराठी, हिंदी, गुजराती पत्रिका, दोनशे कॅलेंडरं, आणि एक पेटी (भाता फाटून पोचली). सगळं द्यायचं सामान. जानेवारी महिना, बाहेर बर्फ, दुपारी चारला अंधार. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डाळ लावली आणि कुकरची रिंग गेली. वाफ सगळीकडून सुटली, स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म बोंबलायला लागला, मूल रडायला लागलं. शेजारच्या दारावर स्वस्तिक आणि तोरण बघून ठेवलं होतं. चपलांतच गेले, घंटी वाजवली. सत्तरीच्या एक गुजराती बाई, पांढरी साडी, वर जाड स्वेटर. हातातली तुटकी रिंग त्यांना दाखवली. त्या काहीही न बोलता जिन्याने वर गेल्या, खूप वेळाने बिस्किटांचा एक डबा घेऊन आल्या. आत सुतळीला ओवलेल्या चार-पाच रिंगा, दोन शिट्ट्या, एक सेफ्टी व्हॉल्व्ह. माझी रिंग एकेकीवर ठेवून मापून पाहिली, तिसरी बरोबर बसली. म्हणाल्या, "पाछी आपवानी जरूर नथी." परत द्यायची गरज नाही. दारातून निघताना त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि सुनेचे लोकरी मोजे आणून दिले.

त्यांना मी बा म्हणायची. पुढची दोन वर्षं मी बांकडून फक्त घेतच होते. भाजी कुठल्या दुकानात स्वस्त, डॉक्टरकडे नाव कसं घालायचं, मीटरमध्ये पैसे कसे भरायचे, मुलाला ताप आला तर रात्री कुठे फोन करायचा. त्या युगांडातल्या कंपालाच्या. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले, तेव्हा सुमारे २८,००० माणसं ब्रिटनला आली, त्यांतल्या या एक. त्याच वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. बा ते हसत सांगायच्या. "जाहिरात वाचली म्हणून तर गावाचं नाव कळलं." आज त्याच गावच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे बघायला लांबून लोक येतात.

बायबलात शोमरोनातल्या विहिरीपाशी येशू त्या बाईला पहिलं वाक्य काय बोलतो? उपदेश नाही. "मला प्यायला दे." पोहरा तिच्याकडे, दोर तिच्याकडे, हा उन्हात तहानलेला. या गोष्टीवर मी मुलींच्या वर्गात किती वेळा धडा घेतला होता, पण ती खरी उमगली हातात तुटकी रिंग घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी राहिल्यावर. तुझ्या तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच उत्तर आहे, बाकी सगळा तपशील: जाताना देणारा म्हणून जाऊ नकोस. तू तिथे गरजू असणार आहेस. बायको बारा तासांच्या ड्युटीवर, तू घरी, पोरीची वेणी घालायची, डबा भरायचा, काम शोधायचं. ते लपवू नकोस. शेजाऱ्याला विचार. आपल्याकडची माणसं मदत करण्यात हात आखडत नाहीत. मदत घ्यायला मात्र त्यांना फार जड जातं. तू आधी घेतलंस तर मग त्यांनाही घ्यायला लाज वाटत नाही. आणि ज्याला फक्त देणाऱ्याच्याच जागी बसायचं असतं, त्याच्याशी कुणाची मैत्री होत नाही. त्याच्याकडे लोक कामापुरते जातात.

आता 'भारतीय कुटुंबं' या शब्दाविषयी. तुला बोलावणाऱ्या मंडळीला वाटतं, तू भारतीय म्हणजे तुझ्यासाठी सगळी घरं एकाच भाषेची. तसं नाही. लेस्टरमध्ये गुजराती, त्यांतही कच्छी वेगळे, लोहाणा वेगळे, पटेल वेगळे, आणि आफ्रिकेतून आलेले व थेट गावाहून आलेले यांच्यात सोयरीक जमायला पिढी गेली. पंजाबी शीख निराळे. आयटीतले तेलुगू पोरगे २००० नंतरचे. केरळच्या नर्स तर बहुतेक ख्रिस्तीच, आपल्यापेक्षा कैक शतकं जुन्या परंपरेतल्या. त्यांना पत्रिका द्यायला जाशील तर हसतील. मराठी माणूस सगळीकडे थोडाथोडा, पण मंडळ काढतो हमखास. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. तेलुगू घरात तू गेलास की तूही परकाच. पानात आधी काय वाढतात, जावयाशी सासू कुठल्या आवाजात बोलते, सगळं नव्याने शिकायचं. ते शिकणं मला तरी आवडलं.

स्विंडनची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे आपलेच गोवेकर भरलेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टावर युरोपात कुठेही काम, म्हणून ब्रेक्झिटच्या आधी विमानंच्या विमानं भरून माणसं गेली, गोदामांत आणि कारखान्यांत लागली. बहुतेक कॅथलिक, गोव्यातल्या साष्टी-बार्देश तालुक्यांतले. पण पासपोर्टाला धर्म नसतो. डिचोली-पेडण्याची मराठी बोलणारी हिंदू कुटुंबंही त्यांत आहेत. एकाच घरात नवरा पोर्तुगीज, बायको भारतीय, धाकटं मूल ब्रिटिश असं सापडेल. ३१ डिसेंबर २०२० नंतर हा दरवाजा जवळजवळ बंद झाला, आणि आई इकडे, मुलगा तिकडे अशी घरं अडकली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट त्यांनी परत केलाय, आणि ते दुखणं वरवर दिसत नसलं तरी असतं. चवथीला गावच्या घरी यायचं तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, काढावं लागतं, हे एका म्हाताऱ्याने मला असं सांगितलं, जणू स्वतःच्या देव्हाऱ्यासमोर तिकीट काढून बसायचं आहे.

कॅथलिक गोवेकरांविषयी एक बजावून ठेवते. ते 'सुवार्ता न पोचलेले', म्हणजे येशूविषयी न ऐकलेले, नाहीत. गोव्यात 'बिलिव्हर्स' हा नव्या पंथांतल्या ख्रिस्त्यांसाठीचा शब्द गावच्या वाड्यावर कुठल्या सुरात उच्चारतात ते तू ऐकलं आहेस. त्यांच्या घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चालू असेल तर गप्प बस, संपल्यावर कॉफी पी. त्यांना त्यांच्या पाद्रीपासून तोडून आपल्या मंडळीची आकडेवारी वाढवायची असेल तर त्याला मी सेवा म्हणत नाही. आमच्या काही लोकांना हे पटत नाही. न पटो.

आता दार लावून घेण्याचा प्रश्न. तुझी भीती खोटी नाही, पण आपण गोव्याचे लोक ती जरा उलटी मांडतो. "ते आम्हाला तसं का समजतात?" कारण आपल्याच भूमीत तसं घडलंय. पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने शिक्षा देणारं न्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि १८१२ ला कायमचं संपलं. त्या १५६०च्या दशकात साष्टीतली देवळं पाडली, आणि माणसं आपले देव उचलून जुवारी नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. कवळ्याचं कुलदैवत असलेल्या घरात तू स्विंडनमध्ये जेवायला बसशील तेव्हा ती गोष्ट त्या टेबलावर आधीच बसलेली असते, कुणी बोलत नाही एवढंच. मी दोन घरांत स्वतःहून विषय काढला. "आमच्या धर्माच्या नावाने तुमच्या पूर्वजांना जे सोसावं लागलं ते चुकीचं होतं," इतकंच म्हणाले, 'पण' न लावता. एका घरात विषय तिथेच मिटला. दुसऱ्या घरातले आजोबा उठून आत गेले, परत आले आणि देव कसा रातोरात नेला याची त्यांच्या घराण्यातली हकिकत दीड तास सांगत बसले. त्यानंतर त्या घरी मला घंटी वाजवावी लागली नाही, मागच्या दाराने जायची.

याच इतिहासात एक माणूस आहे, तो तुला मुद्दाम सांगते. फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचा धर्मगुरू, साष्टीत चाळीस वर्षं राहिला. कोंकणीचं व्याकरण लिहिलं, आणि मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, १६१६ ला राशोलला छापलं. हा माणूस मूळचा कुठला? विल्टशरमधल्या बुशटन गावचा. नकाशा उघड: स्विंडनपासून काही मैल. म्हणजे तू त्याच्या गावी चाललायस. तो मराठी शिकला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानाला जे वळण होतं तेच धरलं, लॅटिनची सक्ती केली नाही. पण त्याच्या पाठीशी राज्य होतं, तोफा होत्या, पाडलेल्या देवळांच्या गावात तो शिकवत होता, हेही त्याच्याबरोबरच सांगायला हवं. तुझ्या पाठीशी काहीच नाही. घरभाड्याची पावती आणि बायकोचा व्हिसा. मला विचारशील तर मी हीच बाजू बळकट म्हणेन.

आमची सगळ्यात मोठी चूक आता सांगते. पहिल्याच डिसेंबरात आम्ही नाताळचं जेवण ठेवलं. सहा कुटुंबं आली, दोन मराठी, तीन गुजराती, एक तेलुगू. मी दोन दिवस खपून शाकाहारी स्वयंपाक केला होता, एका जैन घरासाठी कांदा-लसूण न घालता वेगळी भाजी. मुलांनी गाणी म्हटली, सगळे मजेत होते. मग बाहेरून बोलावलेले पाहुणे वक्ते उठले. पाच मिनिटं शुभेच्छा द्यायच्या ठरल्या होत्या. चाळीस मिनिटं बोलले, आणि शेवटी डोळे मिटायला लावून म्हणाले, ज्यांना आज येशूला स्वीकारायचा निर्णय घ्यायचा आहे त्यांनी हात वर करा. मी डोळे उघडे ठेवले होते. सहा घरांच्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या, आणि एक पुरुष मुलाचा कोट शोधत होता. कुणी गोड खायलाही थांबलं नाही. बासुंदीचं पातेलं तसंच्या तसं घरी आलं. आठवड्याने त्यांतला एक मराठी माणूस बसस्टॉपवर भेटला, तो एवढंच म्हणाला, "वहिनी, जेवायला बोलावलं म्हणून आलो होतो." ती सहा घरं परत जोडायला आम्हाला चार वर्षं लागली. दोन कधीच जोडली नाहीत. तेव्हापासून आमचा नियम झाला: जेवण म्हटलं की जेवणच. उपदेश असेल तर निमंत्रणातच लिहायचं की आज उपासना आहे, संदेश आहे, नंतर चहा. ज्याला यायचं तो समजून येतो, आणि यायचे बरं का, लोक उत्सुक असतात.

मग बोलायचं कधी? पहिल्या दिवशी. "आम्ही ख्रिस्ती, अमुक मंडळीत जातो" हे पहिल्याच ओळखीत सांगून टाक. सहा महिने नुसता 'शेजारी' राहून मग एक दिवस बायबल काढणारा माणूस लोकांना फसवणारा वाटतो, आणि वाटतं ते बरोबरच. एकदा सांगितलं की सुट. पुढे आपला देव आपल्या बोलण्यात जसा येतो तसा येऊ दे, जसा त्यांच्या बोलण्यात त्यांचा येतो. आपल्याकडे देवाविषयी बोलायला कुणालाच संकोच नसतो, तो इंग्रजांना असतो. तुझी इंग्रज मंडळी तुला 'विषय कसा काढावा' याचं प्रशिक्षण देईल. ते नम्रपणे घे आणि विसर. ट्रेनमध्ये दोन मराठी माणसं भेटली तर कल्याण यायच्या आत एकमेकांचं कुलदैवत विचारतात.

"तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असं विचारलं तर तेवीस वर्षांत मला नाही म्हणणारी दोनच माणसं भेटली. पण करायची तर तिथे, त्यांच्या भाषेत, अर्ध्या मिनिटात, आणि त्या मागणीपुरती. प्रार्थनेत प्रवचन घुसडू नये. डोळे मिटलेल्या माणसाला ते ऐकून घ्यावंच लागतं.

प्रसादाचं विचारशील. पौलाने करिंथकरांना यावर मोठा मजकूर लिहिलाय आणि तरी आपली मंडळी भांडायची थांबली नाही. माझं असं: आरतीला मी मागे उभी राहते, ताट हातात घेत नाही, प्रसाद घेत नाही. यजमानीणबाईला आधीच स्वयंपाकघरात सांगून ठेवते, म्हणजे चारचौघांत तिचा हात अवघडत नाही. आणि त्याच घरचं श्रीखंड दोनदा मागून घेते. नवऱ्याचं मत निराळं होतं, तो प्रसाद खायचा आणि म्हणायचा की मूर्ती म्हणजे काहीच नाही असं पौलच सांगतो. आम्ही चाळीस वर्षं यावर एकमत केलं नाही. उलट बाजूही लक्षात ठेव. तुमच्या घरी ते येतील तेव्हा श्रावण असेल, संकष्टी असेल, एकादशी असेल. केकात अंडं आहे का ते विचारायच्या आत सांग. मटणाचा डाव भाजीत बुडाला तर ती भाजी बाद. प्रभुभोजन (उपासनेत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस) असलेल्या रविवारी पहिल्यांदा येणाऱ्या शेजाऱ्याला आधी समजावून ठेव, नाहीतर तो ताट पुढे आलं की प्रसाद समजून घेणार, आणि मंडळीतलं कुणीतरी वडीलधारं धावत येऊन त्याचा हात धरणार. हे आमच्याकडे घडलंय.

मैत्री कुणाशी होते? तुम्हाला वाटेल तरुण जोडप्यांशी. त्यांना वेळच नसतो. मोकळी असतात ती म्हातारी माणसं. मुलगा-सून नातवंड सांभाळायला आईवडिलांना सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आणतात. सकाळी साडेआठला घर रिकामं होतं, मग दुपारपर्यंत ते दोघे, हीटर आणि खिडकी. साताऱ्याकडचे एक आजोबा आमच्या रस्त्याच्या बसस्टॉपवर रोज दहाला येऊन बसायचे. बस आली की ड्रायव्हरला हात जोडून नको म्हणायचे. मला वाटलं वाट चुकलेत. विचारलं तर म्हणाले, "इथं माणसं दिसत्यात." तू दिवसा घरी असणार, या माणसांना तू हवा आहेस. त्यांच्याबरोबर चालत जा, पोस्टात ने, शाळेच्या फाटकापाशी नातवाची वाट बघत उभा राहा. तुझी कोंकणी-मराठी ऐकूनच त्यांचा दिवस जाईल.

आणि तुझ्यासारखेच नवरे. बायकोच्या व्हिसावर गेलेला, गावी बँकेत साहेब असलेला आणि तिथे रात्रीच्या गोदामात खोकी उचलणारा पुरुष आपलं दुःख कुणाला सांगत नाही. समोरासमोर बसून तर नाहीच. गाडीत शेजारी बसून, बॅडमिंटन संपल्यावर बूट सोडताना, एखादं कपाट दोघांनी मिळून जिन्यातून वर चढवताना, तेव्हा सांगतो.

आता काही कडक गोष्टी भराभर सांगते. व्हिसाचा सल्ला देऊ नकोस. ब्रिटनमध्ये १९९९च्या कायद्याने नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, फुकट दिला तरी. तुझ्याकडे लोक येणार, कारण तू शिकलेला आणि चर्चचा. पत्र वाचून दाखव, भाषांतर कर, अधिकृत सल्लागाराकडे घेऊन जा, पण "हा फॉर्म भरा, तो नको" म्हणू नकोस. मार्च २०२४ पासून केअर वर्करना कुटुंब आणता येत नाही, त्यामुळे एकटी आलेली केरळची-गोव्याची मुलगी मुलाचा फोटो दाखवून रडेल आणि तुझ्या तोंडून आश्वासन निघू पाहील. आवर. बायकोला मारहाण होत असेल तर नवरा-बायकोत समेट घडवायला बसू नकोस, आपल्याकडचा पाळक हमखास बसतो. आधी तिला सुरक्षित जागी पोचवायचं, जीवावर बेतलं तर ९९९ या तातडीच्या नंबरला फोन. तिच्या व्हिसावर 'सरकारी निधीचा हक्क नाही' अशी ओळ असते आणि नवरा त्या ओळीचा धाक घालतो. तरी मदतीचे मार्ग असतात, ते जाणकार संस्था सांगतील. मुलांच्या वर्गाला हात लावण्याआधी डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, होईल, ती झाल्याशिवाय दुसऱ्याच्या मुलाला गाडीतही एकट्याने घेऊ नकोस. आणि दुसऱ्याच्या मुलाकडून 'निर्णयाची प्रार्थना' म्हणून घ्यायची नाही, आईबाप समोर असल्याशिवाय. सुट्टीतल्या शिबिरात गाणी-गोष्टी असतील तर त्या येशूच्या आहेत हे फॉर्मवर ठळक लिही. एका मुलीची आई माझ्याकडे आली होती, शांतपणे म्हणाली, "माझ्या मुलीने देव बदलला ते मला तिच्या वहीत वाचून कळलं." मला तिच्याकडे बघवलं नाही.

खरोखर कुणी ख्रिस्ताच्या मागे यायचं म्हणाला तर? होतं तसं. घाई करू नकोस. आमच्या नगर जिल्ह्यात प्रत्येक ख्रिस्ती घराला टिळकांची गोष्ट पाठ असते: नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई पुढची काही वर्षं माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या, आणि १९०० ला त्यांनीही स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षांत त्या घराने काय सोसलं असेल! म्हणून मी त्या माणसाला पहिलं विचारते, "घरी कुणाला सांगितलंस?" लपून घेतलेल्या बाप्तिस्म्याला मी साक्षीदार राहत नाही. नाव बदलू नये, कपडे बदलू नयेत, आईच्या वर्षश्राद्धाला न जाण्याची शपथ घालू नये. कुंकवाचं ज्याचं त्याने बघावं.

आणि फोटो. भारतातून किंवा तिकडून ज्या कुणाची मदत घेशील, ते अहवाल मागतील: किती घरं, किती निर्णय, फोटो जोडा. आमच्याकडून असा एक फोटो गेला, आमच्या दिवाणखान्यात जेवणाऱ्या एका कुटुंबाचा, आणि तो 'हिंदू कुटुंब प्रभूकडे वळताना' अशा ओळीखाली छापून आला. ते वळत नव्हते, पुरणपोळी खात होते. तो कागद फिरत फिरत त्यांच्या कोल्हापूरजवळच्या गावी पोचला. भावकीने वडिलांना विचारलं. त्या माणसाने माझ्याशी तीन वर्षं बोलणं टाकलं, आणि मी त्याला दोष देत नाही.

तोच माणूस पुढे बोलला कसा, ते सांगते. मे २०२१ चा शेवटचा आठवडा. त्याचे वडील कोविडने गेले. भारत २३ एप्रिलपासून ब्रिटनच्या लाल यादीत, जाऊन परतलं तर दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, माणशी १,७५० पौंड, आणि एवढं करूनही अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. रात्री एकला त्याच्या बायकोचा फोन आला, "वहिनी, तुम्ही याल का?" गेले. पंचगंगेच्या स्मशानातून चुलतभाऊ व्हिडिओ कॉल लावणार होता. तिकडे सकाळचे आठ, इकडे पहाटेचे साडेतीन. फोनची बॅटरी उतरलेली आणि चार्जरची वायर सोफ्यापर्यंत पुरेना. म्हणून मी भिंतीपाशी खाली बसून फोन धरला, आणि तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. चित्र सारखं गोठायचं. पांढऱ्या किटमधली चार माणसं, धूर, मग नुसतं आभाळ, कारण भावाचा हात थरथरत होता. माझा हात भरून आला तरी हलवला नाही. संपल्यावर मी चहा केला. त्याच्या आईला फोन लावून दिला. मी प्रार्थना केली नाही, कुणी मागितली नव्हती. सकाळी सहाला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा तो म्हणाला, "तुमच्यात माणूस गेल्यावर काय म्हणतात?" मी दारातच, चपला घालता घालता, तेविसावं स्तोत्र मराठीतून म्हटलं. पुढे त्याने काय केलं, मंडळीत आला की नाही, असं मला प्रत्येक जण विचारतो. दर गणपतीत फोन करतो, एवढं सांगते.

पहिल्या वर्षी कार्यक्रम घेऊ नकोस, अगदी एकही. मंडळी विचारेल, तर म्हण शिकतोय. एक रस्ता निवड, त्याच रस्त्यावर राहा, तिथल्याच शाळेत मुलीला घाल. मुलीशी घरात मराठीच बोल; इतर घरांतली मुलं आजीशी बोलू शकत नाहीत हे बघून तिथल्या आया तुझ्याकडे शनिवारी बाराखडी शिकवायची विचारणा घेऊन येतील. घे तो वर्ग, पण बाराखडीच शिकव.

आणि माझं एक काम आहे. स्विंडनला माझी जुनी मैत्रीण राहते, डिचोलीची, नवऱ्याच्या मागे एकटी. तिला सोलं हवी आहेत, आणि घरचं तिरफळ. तुझ्या बॅगेत दोन किलोंची जागा ठेवशील का? पत्ता मी तुला वेगळा कळवते. दुपारी तीननंतर जा, तोवर ती झोपलेली असते, रात्रपाळी करते. भूक लागलेली असू दे, जेवल्याशिवाय ती सोडणार नाही.